तासाला २८ रुपये

मंगळवारी दुपारी ऐन मीटिंगमध्ये मोबाइल थरथरला. एसएमएस. आपल्या वाहनावर ५०० रुपयांचं ई-चलन. पहिली शंका अर्थातच फसवणुकीची आली. हल्ली व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एक एपीके फाइल फिरते, ती उघडली की बँकेतलं खातं धुऊन निघतं. आमच्याच टीममधल्या एकाचं निघालंय. म्हणून लिंकला हात न लावता संध्याकाळी घरी आल्यावर महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकला. चलन खरं होतं, फोटोसकट. गुन्हा काय, तर सिग्नलला गाडी स्टॉप लाइनच्या पुढे उभी. तारीख १९ दिवसांपूर्वीची.

फोटो मोठा करून पाहिला. पुढचं चाक पट्ट्याच्या पलीकडे, मागचं अलीकडे. पट्टा म्हणजे तरी काय, कोणे एके काळी इथे पांढरा रंग मारला होता याची आठवण! टाळकं सटकलं. लॅपटॉप उघडला आणि तक्रार लिहायला घेतली. मुद्दा एक, पट्टा पुसट आहे. मुद्दा दोन, मागे पीएमटीची बस हॉर्न बडवत होती, फोटोत तिचं नाक दिसतंय. मुद्दा तीन (हा माझा हुकमी एक्का), २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत जो १६७-अ घातला, त्यात कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवावी असं लिहिलंय, आणि इथे १९ झालेत. तीन परिच्छेद झाले. भाषा एकदम कडक. कोडमधल्या बगवर क्लायंटला मेल लिहिताना येते ना, तशी.

बायको मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "पाचशे रुपयांसाठी एवढं? त्या वॉचमनकाकांच्या वेळी एक ओळ तरी लिहिली होतीस का?"

लॅपटॉप मिटला. वॉचमनकाकांचं पुढे सांगतो. त्याआधी थोडं इकडचं तिकडचं.

पंचवीसएक वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, अलका टॉकीजच्या चौकात मी पहिला सिग्नल तोडला. तोडला म्हणजे पिवळा होता, तो माझ्या मते हिरव्याकडे झुकणारा पिवळा होता. झाडाआडून मामा प्रकट झाले. (पुण्याबाहेरच्यांसाठी: मामा म्हणजे ट्रॅफिक पोलीस. नातं एकतर्फी असतं.) त्यांनी आधी गाडीची किल्ली काढून घेतली. मग लायसन्स. मग, "काय रे, घाई कुठली? पेपर आहे का?" मग १०० रुपयांची पावती फाडली. १०० रुपये तेव्हा खिशात असणं हीच बातमी होती, पण खरी शिक्षा ती नव्हती. खरी शिक्षा होती भर चौकात, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या पुण्यासमोर, मान खाली घालून उभं राहणं. त्या पंधरा मिनिटांत बाबांचे एक बँकेतले मित्र स्कूटरवरून गेले, आणि संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

तोडपाणी व्हायचं, नाही असं नाही. १०० ची पावती की ५० मध्ये मिटवायचं, हा संवाद ज्याने ऐकला नाही त्याने पुण्यात गाडी चालवलीच नाही. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण एक गोष्ट होती. चूक केली आणि त्याच जागी, त्याच मिनिटाला कुणीतरी कॉलर धरली. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. कंपाइलर चूक लगेच दाखवतो म्हणून आपण ती लगेच सुधारतो. तोच बग तीन आठवड्यांनी क्यूएकडून आला तर आधी 'हे मी लिहिलंय?' इथपासून सुरुवात होते. ई-चलन म्हणजे नेमका हा तीन आठवड्यांनी आलेला बग. त्या दिवशी त्या सिग्नलला मी का पुढे गेलो, घाईत होतो की गाणं ऐकत होतो, काही म्हणजे काही आठवत नाही. आठवत नसलेल्या चुकीचा पश्चात्ताप कसा करणार? बिल आलं, बिल भरलं. विजेचं, गॅसचं, आणि हे चलनाचं.

आता जरा माझा हिशोब ऐका. मी राहतो बाणेरला, हापिस हिंजवडीत. सोसायटीच्या गेटातून बाहेर पडलं की समोर सलग दुभाजक. मला जायचं असतं उजवीकडे. कायद्याने जायचं तर डावीकडे वळा, सातशे मीटर जा, यू-टर्न घ्या, सातशे मीटर परत या. बेकायदा जायचं तर गेटातून थेट उजवीकडे, रस्त्याच्या कडेकडेने उलट्या दिशेने दीडशे मीटर, की चौक. यात सकाळचे चार मिनिटं वाचतात. कोविडनंतर आठवड्यातून चार दिवस हापिस, सुट्ट्या वगैरे वजा जाता वर्षाचे १८० दिवस धरू. म्हणजे वर्षाला १२ तास. तीन वर्षं मी हे केलं, म्हणजे ३६ तास वाचवले. या काळात पकडलो गेलो एकदा, दंड बसला १००० रुपये. भागाकार करा. तासाला २८ रुपयांच्या आसपास.

२८ रुपयांत एक तास! हिंजवडीत कटिंग चहा आणि क्रीमरोल खाल्लं तरी याहून जास्त होतात. आणि हा हिशोब मी तेव्हा, पकडलो गेलो त्याच संध्याकाळी, हसत हसत मित्रांना सांगितला होता. सगळे हसलेही होते. एकाने तर 'सबस्क्रिप्शन' हा शब्द वापरला.

इथे जालावर वाचलेली एक गोष्ट सांगायला हवी. इस्रायलमधल्या हैफा शहरात दोन अर्थशास्त्रज्ञांनी, उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी, दहा पाळणाघरांत वीस आठवडे एक प्रयोग केला. मुलांना न्यायला आईबाप उशिरा येतात, बाई बिचाऱ्या थांबून राहतात, ही तिथली तक्रार. दहापैकी सहा पाळणाघरांत दंड लावला. दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर दर मुलामागे १० शेकेल. उशीर कमी व्हायला हवा होता, पण वाढला. वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला. कारण आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळं व्हायला व्हायचं, आता दहा शेकेल टेकवले की झालं. गंमत पुढे आहे. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला, तरी उशीर होता तितकाच राहिला. लाज एकदा विकली की परत विकत मिळत नाही, असं काहीतरी. २००० साली त्यांचा निबंध छापून आला, त्याच्या नावाचाच अर्थ 'दंड म्हणजे किंमत' असा आहे.

हे वाचलं तेव्हा वाटलं, च्यामारी, हा तर माझ्यावरच प्रयोग केलाय.

दंड वाढवा, म्हणजे सुतासारखे सरळ होतील, असं आमच्या कँटीनमध्ये दर दोन दिवसांनी कुणीतरी म्हणतं. वाढवून झालाय की! २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातला किरकोळ गुन्ह्यांचा १०० रुपयांचा दंड ५०० झाला, लायसन्सशिवाय चालवण्याचा ५०००, दारू पिऊन चालवण्याचा पहिल्या वेळी १०,०००. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकांना २५,००० रुपये आणि तीन वर्षांपर्यंत कैद. १ सप्टेंबर २०१९ ला देशात हे लागू झालं, आपल्या महाराष्ट्राने मात्र (विधानसभा निवडणूक तोंडावर होती) नको म्हटलं, आणि इथे नवे दंड यायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्यानंतर पुणे सुतासारखं सरळ झालं असेल तर मला दिसलेलं नाही. संध्याकाळी कुठल्याही क्लासबाहेर उभं राहा, दहावीतली पोरं ट्रिपल सीट ॲक्टिव्हावर. २५,००० चा आकडा त्यांच्या आईबापांना माहीत नसतो असं नाही. पकडणार कोण, हा खरा प्रश्न त्यांना पाठ असतो.

बाकी रकमेचा एक मुद्दा मला पटतो, तो वेगळा. ५०० रुपये माझ्यासाठी एका वीकांताच्या कॉफीचे, आणि मला रात्री बिर्याणी आणून देणाऱ्या पोराचा जवळजवळ अख्खा दिवस. एकाच फोटोला दोन वेगळ्या शिक्षा. फिनलंडमध्ये मोठ्या वेगमर्यादाभंगाचा दंड तुमच्या उत्पन्नाच्या प्रमाणात लावतात. २०२३ साली तिथल्या एका धनिकाला ५० च्या रस्त्यावर ८२ ने गेल्याबद्दल १ लाख २१ हजार युरो भरावे लागले, वर दहा दिवस लायसन्स गेलं ते निराळंच. आपल्याकडे कुणाचं उत्पन्न खरं किती हे आयकर खात्यालाही सांगता येत नाही, तर चौकातल्या हवालदाराला काय सांगणार! असो.

तर आता वॉचमनकाका.

मार्चमधली सकाळ. साडेआठ. नऊच्या स्टँडअपला पोचायचं होतं. नेहमीप्रमाणे गेटातून उजवीकडे वळलो. वेग म्हणाल तर वीस, फार तर पंचवीस. शेजारच्या सोसायटीतले वॉचमन रात्रपाळी संपवून, पलीकडच्या बसस्टॉपला जायला रस्त्याच्या कडेला उभे होते. पन्नाशी उलटलेली, खाकी शर्टावर स्वेटर, हातात डबा. ते उजवीकडे बघत होते. बरोबरच होतं त्यांचं. त्या बाजूच्या रस्त्यावर गाड्या उजवीकडूनच येतात. उजवीकडे रस्ता मोकळा झाला, त्यांनी पाऊल टाकलं, आणि त्यांच्या डावीकडून मी आलो.

हँडल त्यांच्या कोपराला लागलं. मी डगमगलो, सावरलो. ते पडले. हातावर पडले. डबा घरंगळत दुभाजकापर्यंत गेला, आणि मला आजही सगळ्यात स्पष्ट आठवतो तो त्या डब्याचा आवाज.

मी गाडी टाकून धावलो. उठवलं. ते मनगट धरून बसले होते, चेहरा पांढरा पडला होता, आणि म्हणाले काय? "माझंच ध्यान नव्हतं सायेब. म्या तिकडंच बघत होतो."

माझ्या वडिलांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान असलेला माणूस, मी उलट्या दिशेने येऊन त्याला पाडल्यावर, माझी माफी मागत होता. आणि मी काय केलं? 'असू द्या काका' म्हटलं. खरंच. तोंडातून आपसूक हेच आलं. 'असू द्या काका'.

रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलात नेलं. एक्सरे, मनगटाचं हाड मोडलेलं, सहा आठवडे प्लास्टर. बिल ५,८०० झालं ते मी भरलं. वर १०,००० रुपये त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी नको नको करत घेतले, हात जोडता येत नव्हते म्हणून एकच हात कपाळाला लावला. ते एजन्सीमार्फत कामाला, हजेरी नाही तर पगार नाही. प्लास्टरचा हात घेऊन गेटचा अडसर उचलता येत नाही, म्हणजे दीड महिना घरी. १०,००० त किती भागलं असेल याचा हिशोब मी मात्र केला नाही. तासाला २८ रुपयेवाला तो हुशार गडी तेव्हा गप्प बसला.

पोलिसांत कुणी गेलं नाही. कायद्याने मी कळवायला हवं होतं, नाही कळवलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, रहदारीच्या उलट दिशेने जाणं स्पष्ट शब्दांत घातलेलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. हे मी नंतर, रात्री, दार लावून वाचलं. महिनाभर मोबाइल थरथरला की पोटात गोळा यायचा. काही आलं नाही. तिथे कॅमेरा नाही. आणि मग मंगळवारी हे ५०० चं आलं, पुसट पट्ट्याचं, आणि माझ्यातला अन्याय सहन न होणारा नागरिक खडबडून जागा झाला!

आता मूळ मुद्दा. आपण दंड नेमका कशाचा करतो? जे फोटोत येतं त्याचा. स्टॉप लाइन फोटोत येते, हेल्मेट येतं, नो पार्किंग तर येतंच येतं, गाडी बिचारी हलतही नाही. आमच्याकडेही हेच चालतं. एका मॅनेजरने मागे बग किती बंद केले यावर टीमचं मूल्यमापन सुरू केलं, पोरांनी स्पेलिंगच्या चुका पंधरा वेगवेगळे बग म्हणून टाकल्या आणि बंद केल्या. आलेख सुंदर दिसत होता. सर्व्हर रोज पडत होता. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. साधारण दर पाचांत एक. ना हेल्मेट, ना सीटबेल्ट, ना पीयूसी. या माणसांकडून दंड वसूल करण्यासारखं काही नाही, आणि त्यांना पाडणारा बऱ्याचदा फोटोत नाही. त्या वर्षी सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात गेले. तरी वेग पकडणारं यंत्र शहरात कुठे आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि त्याच्या अलीकडे दोनशे मीटर आपण संत होतो.

कॅमेरे काढून टाका असं मी म्हणत नाही. स्टॉप लाइनच्या पुढे जो झेब्रा आहे तो त्या वॉचमनकाकांसाठीच आहे, आणि माझं पुढचं चाक त्यावर होतं, हे आता कळतंय. म्हणणं एवढंच की चलन तीन आठवड्यांनी नको, त्याच दिवशी यावं. गाडी सिग्नलवरून घरी पोचायच्या आत. बँकेचा ओटीपी तीन सेकंदांत येतो, नंबरप्लेट वाचणारं सॉफ्टवेअर रोज लाखो गाड्या वाचतं, यात अशक्य काय आहे हे सॉफ्टवेअरवाल्याला तरी सांगू नका. मग भले रक्कम २०० ठेवा. रक्कम छोटी चालेल, पण चुकवता येता कामा नये.

आणि थकबाकीवरच्या सवलती बंद करा. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या थकलेल्या चलनांवर ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरसकट ५० टक्के. बंगळुरूला असलेल्या माझ्या रूममेटने त्या आठवड्यात सात चलनं निम्म्यात उरकली आणि ग्रुपवर पावतीचा फोटो टाकला, दिवाळी सेलमधून टीव्ही आणल्यासारखा. जो त्याच दिवशी मुकाट्याने पूर्ण भरतो तो येडा. आपल्याकडेही लोकअदालतीची तारीख जवळ आली की 'आत्ता भरू नकोस, थांब' हा सल्ला प्रत्येक हापिसात मिळतो.

तुम्ही म्हणाल, रस्तेच असे करून ठेवलेत की माणूस उलटा जाणारच. सातशे मीटरवर यू-टर्न कुणी ठेवला? मान्य. दुभाजकातली फट बुजवताना पलीकडे जाणाऱ्याचा विचार कुणी केलेला नाही, ना गाडीवाल्याचा ना पायी चालणाऱ्याचा. मी स्वतः महापालिकेला दोनदा लिहिलंय. पण तो यू-टर्न वॉचमनकाकांनी ठेवला नव्हता. खड्डे, यू-टर्न, पुसट पट्टे, सगळ्याचा राग काढायला मला ते दीडशे मीटर मिळाले होते, आणि समोर आले ते.

आणि लायसन्स. कायद्यात विनाहेल्मेटला तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे, ट्रिपल सीटलाही. माझ्या ओळखीत एकाचंही कधी गेलेलं नाही. मला १००० रुपयांऐवजी तीन महिने पीएमटीने हिंजवडीला पाठवलं असतं, तर तो भागाकार करायची माझी हिंमत झाली नसती. कारण ते पैशांत मोजता आलं नसतं. बॉसला सांगावं लागलं असतं, सासऱ्यांना सांगावं लागलं असतं. अलका टॉकीजचा चौक परत आला असता.

ती तक्रार मी पाठवली नाही. ५०० भरले. १९ दिवसांचा हुकमी एक्का हातातच राहिला, चुटपुट लागली हेही खरं, खोटं कशाला बोलू.

मार्चपासून मी डावीकडे वळतो. सातशे मीटर जातो, यू-टर्न घेतो, सातशे मीटर परत येतो. रोज निदान पाच-सहा जण गेटातून थेट उजवीकडे जाताना दिसतात, एक तर आमच्याच मजल्यावरचा आहे. त्याला एकदा बोललो. तो म्हणाला, "अरे, दीडशे मीटर तर आहे." मी वॉचमनकाकांचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. आता हे वाचेल तेव्हा कळेल.

काका मे महिन्यात कामावर परत आले. मनगट थोडं वाकडं बसलंय, बादली उजव्या हाताने उचलत नाहीत. परवा सकाळी यू-टर्न घेऊन परत येताना पलीकडच्या कडेला दिसले, डबा घेऊन, रस्ता ओलांडायच्या बेतात. त्या रस्त्यावर गाड्या एकाच बाजूने येतात. त्यांनी आधी डावीकडे बघितलं, बराच वेळ. मग उजवीकडे.